ऑनलाइन मिशन: आधी पत्ता, मग प्रवचन

नमस्कार मंडळी.

‘मंडळी’ हा शब्द आज मी दोन्ही अर्थांनी वापरतोय. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चच्या समाजाला ‘मंडळी’ म्हणतो, आणि आजचा विषय त्याच मंडळीचा आहे. महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळ्यांना, त्यांच्या शाळा-दवाखान्यांना इंटरनेटवर नीट उभं राहायला मदत करणं, हे काम मी काही वर्षं करतोय. तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि एखादं मंदिर, मठ, वाचनालय किंवा महाराष्ट्र मंडळ चालवत असाल, तरी पुढचं बरंचसं तुमच्याही उपयोगी पडेल.

पंचकमिटीची माणसं भेटतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, “आम्हाला एक छान वेबसाइट करून द्या.” मग यादी येते. संस्थापकांचा फोटो, शंभर वर्षांचा इतिहास, पाळकसाहेबांचा संदेश, नाताळच्या कार्यक्रमाचे दोनशे फोटो, वर एक सरकती ओळ. यादी ऐकून घेतल्यावर मी एवढंच विचारतो, “रविवारची उपासना किती वाजता असते, आणि ते यात कुठं लिहायचं?” सगळे एकमेकांकडे बघतात. उपासनेची वेळ त्यांना पाठ असते, त्यामुळे ती कुणाला विचारावी लागेल हे डोक्यातच येत नाही.

आपल्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. मिशनची ऑनलाइन जागा आपल्याच लोकांनी बघून खूश व्हावं म्हणून बांधली, तर ती अल्बम होते. दाराशी आलेल्या अनोळखी माणसासाठी बांधली, तरच ती मिशन होते.

दाराशी कोण येतं?

डोळ्यांसमोर खरी माणसं आणा. सोलापूरचं एक कुटुंब बदलीवर हैदराबादला गेलंय. आजी बरोबर आहेत, त्यांना तेलुगू येत नाही, इंग्रजी उपासनेत त्यांचं मन लागत नाही. मराठी उपासना कुठं होते, हे त्यांना शोधायचंय. दुसरं घर सुरतेचं. रात्री वडील गेले. दफनासाठी कुणाला फोन करायचा, कागद कोणते लागतात, हे सकाळ व्हायच्या आत कळायला हवं. तिसरा माणूस रुग्णाचा नातेवाईक. मिशन दवाखान्यांकडे दुरून लोक येतात. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून तिथं उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येत आले आहेत. अशा माणसाला बाह्यरुग्ण विभागाचे वार, नाव नोंदवायची वेळ आणि मुक्कामाची सोय आधी कळली, तर त्याची एक फेरी वाचते, एका दिवसाची मजुरी वाचते. चौथा माणूस शेजारी. तो ख्रिस्ती नाही, पण तुमच्या आवारात काय चालतं हे त्याला सरळ तुमच्याकडून कळलं, तर तो ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणार नाही.

या चौघांपैकी एकालाही दोनशे फोटो नको आहेत.

हे आपल्याकडे जुनंच आहे

कुणी म्हणेल, मिशनचं काम सुवार्ता सांगणं, वेळापत्रक सांगणं नव्हे. त्यांना मी इतिहासाकडे बघायला सांगतो. विल्यम कॅरी बंगालमध्ये बसून मराठी शिकले आणि पंडित वैजनाथशास्त्री यांच्या मदतीनं मराठीचं काम करू लागले. १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण श्रीरामपूरहून निघालं. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे, कोलकात्याजवळचं. १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश आला, आणि त्यात मराठी शब्द मोडीत छापले होते. का? कारण रोजच्या व्यवहारात लोक मोडी वाचत होते. वाचक ज्या लिपीत आहे, तिथं आपण जायचं.

पुढं १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. ते धर्मप्रसारासाठी होतं, हे उघड आहे आणि त्यांनी कधी लपवलंही नाही. पण त्याच पानांवर भूगोल, खगोल, विज्ञान आणि बातम्याही असत. वाचकाच्या हाती काहीतरी उपयोगाचं पडायला हवं, हे त्या संपादकांना कळलं होतं. आपल्या हाती आज छापखान्याऐवजी फोन आहे, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

एक पान, सात उत्तरं

संकेतस्थळ दहा पानांचं असायलाच हवं असं नाही. एक पान पुरतं, पण त्यावर सात गोष्टी हव्यात: मंडळीचं पूर्ण नाव, पत्ता आणि जवळची खूण, उपासनेचा वार, वेळ आणि भाषा, उचलला जाणारा एक फोन नंबर, अडीअडचणीला, म्हणजे मृत्यू, आजारपण, बाप्तिस्मा, लग्न अशा वेळी कुणाशी बोलायचं ते, आवारात चालणारी कामं, आणि हे पान शेवटचं कधी तपासलं ती तारीख. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते. तीन वर्षांपूर्वीच्या ईस्टरची सूचना वर दिसली, की येणाऱ्याला वाटतं इथं आता कुणी नाही.

फोन नंबर शक्यतो कार्यालयाचा ठेवा. पाळकांची बदली होते आणि त्यांचा नंबर त्यांच्याबरोबर जातो.

अक्षरं खरी हवीत

आपल्या बऱ्याच मंडळ्यांची पत्रकं डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये तयार होतात. तो मजकूर तसाच उचलून संकेतस्थळावर टाकला, की तिथं अगम्य चिन्हं उमटतात. म्हणून मग पत्रकाचा फोटो चढवला जातो. माणसाला तो वाचता येतो, पण फोटोतली अक्षरं शोधयंत्राच्या हाती नीट लागतीलच याची खात्री नसते, दृष्टिहीन माणसाचा फोन ती सहज वाचून दाखवू शकत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला ती मोठी करायला गेलं की धूसर होतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. फोनवर आपण रोज मराठी लिहितो ते युनिकोडच असतं, वेगळं काही शिकायचं नाही.

नावांचीही काळजी घ्या. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. शोधणारा जुनं नाव टाकेल की नवं, सांगता येत नाही. दोन्ही लिहा. शिवाय अनेक जण मराठी शब्दसुद्धा रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात. म्हणून मंडळीचं नाव एकदा रोमन लिपीतही द्या. कॅरींनी मोडी वापरली, त्यातलाच हा प्रकार.

त्यानंतर गूगल मॅप्सवर आपली जागा शोधा. ती कुणीतरी आधीच, चुकीच्या वेळेसह, टाकलेली सापडू शकते. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून त्या जागेचा ताबा मागता येतो, पडताळणी होते आणि त्याला पैसे पडत नाहीत. नव्या शहरात आलेला माणूस संकेतस्थळाच्या आधी नकाशाच उघडतो.

उपासना, गायनं आणि हक्क

उपासनेचं थेट प्रक्षेपण आता छोट्या मंडळ्याही करतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ते मोठंच आहे. पण दोन तासांचा व्हिडिओ ‘रविवारची उपासना’ या नावानं चढवला, की पुढच्या आठवड्यात तो कुणालाच सापडत नाही. शीर्षकात तारीख, शास्त्रभाग आणि विषय घाला. खाली वर्णनात गायनं कुठं, वचन कुठं, संदेश कुठं, त्या वेळा लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

गायनांच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या पदांवरचा हक्क कधीच संपला. ती तुम्ही मोकळेपणानं गा, लिहा, चढवा. पण कुणी अलीकडे त्यांना लावलेली चाल आणि केलेलं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण मागे वाजवून व्हिडिओ चढवला, तर यूट्यूब तो अडवू शकतं. आपल्याच मंडळीनं पेटी-तबल्यावर गायलेलं जुनं पद अधिक सुरक्षित, आणि खरं सांगायचं तर ऐकायलाही अधिक गोड. बायबलच्या आधुनिक भाषांतरांचे हक्कही प्रकाशकांकडे असतात. काही वचनं उद्धृत करणं वेगळं आणि अख्खं पुस्तक संकेतस्थळावर ठेवणं वेगळं.

ज्यांचे फोटो आपण टाकतो

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त वाद घालतो, ती. साक्ष.

एका मंडळीत एका बाईंनी प्रार्थनासभेत आपल्या आजारपणाची साक्ष दिली. सभेत तीस-चाळीस माणसं होती. दुसऱ्या दिवशी नाव, गाव, आजार आणि फोटोसह ती साक्ष फेसबुकवर गेली. हेतू चांगला होता. महिन्याभरात बाई रडत आल्या, “मुलीची सोयरीक चाललीय, ते काढून टाका.” पोस्ट काढली. पण व्हॉट्सॲपवरून ती पुढं गेली होती, आणि तिथून ती कोण काढणार?

बाईंनी होकार दिला होता तो चाळीस ओळखीच्या माणसांसमोर बोलायला. जगासमोर जायला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हे दोन वेगळे होकार आहेत. साक्ष चढवायची असेल तर वेगळं विचारा, शक्यतो लिहून घ्या, नाव बदलायची सोय सांगा, आणि ‘नको’ म्हणायला दोन दिवस द्या. व्यसन, आजार, घरातली मारहाण, श्रद्धेवरून कुटुंबात असलेला ताण, अशा साक्षींना नाव-गाव नकोच. ऐकणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही, सांगणाऱ्याचं मात्र आयुष्य अडू शकतं.

मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. वसतिगृहातल्या मुलांचे ‘गरीब, अनाथ’ अशा ओळीखाली फोटो टाकून देणग्या मागणं तर कायदा नसता तरी चुकीचंच. ते मूल उद्या कॉलेजात जाणार आहे.

प्रार्थनेच्या विनंत्यांचंही तसंच. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. सूचनांसाठी चॅनेल वापरा, तिथं अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. प्रार्थनेची विनंती एका विश्वासू माणसाकडे येऊ द्या, आणि किती पुढं न्यायची ते विनंती करणाऱ्यालाच ठरवू द्या.

पैसा आणि चाव्या

देणगीसाठी क्यूआर कोड लावणार असाल, तर तो संस्थेच्या खात्याचा हवा, कुणा व्यक्तीचा नको. परदेशातून येणाऱ्या देणगीचा मामला वेगळा आहे. परदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. म्हणून देणगीच्या पानावर ‘हा कोड फक्त भारतातल्या देणगीदारांसाठी’ असं स्पष्ट लिहा, आणि बाकीचं आपल्या हिशेबतपासनिसाला विचारा.

शेवटचा मुद्दा चाव्यांचा. संकेतस्थळ बहुतेक वेळा तरुण संघातला एखादा हुशार मुलगा करतो. मग त्याला पुण्याला नोकरी लागते. पासवर्ड त्याच्या ईमेलवर, पत्त्याचं नूतनीकरण त्याच्या कार्डावर. वर्षभरात सगळं बंद. मुलाचा दोष नाही, व्यवस्थाच नव्हती. मंडळीच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा, दोन जबाबदार माणसांकडे चाव्या द्या, आणि बाप्तिस्म्याचं रजिस्टर जसं एका पाळकाकडून दुसऱ्याकडे सही करून जातं, तशीच ही यादीही जाऊ द्या.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. या रविवारी उपासना झाली, की मंडळीत नव्यानं आलेल्या एका माणसाला बाजूला घ्या आणि विचारा, “इथं यायच्या आधी तुम्हाला काय शोधावं लागलं, आणि काय सापडलं नाही?” तो जे सांगेल, ते सोमवारी पानावर सगळ्यांत वर लिहा. संस्थापकांचा फोटो त्याच्या खाली लावायला कुणाची हरकत नाही.