ठोकळा की पाटा?

सायंकाळी किलवणी नाक्यावरून किलवणीच्या वाटेने पायी निघाले, की मालाने भरलेले ट्रक आणि टेम्पो अगदी अंगाजवळून जातात. त्यांतील काहींची मागली बाजू इतकी खचलेली असते की पुढच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. अशाच एका गाडीचे मालक, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, परवा मला म्हणाले, "गुरुजी, मिस्त्री म्हणतो, दोन ठोकळे टाकले की गाडी उचलली जाईल. नवे पाटे घालायचे तर खर्च फार. काय करू?" त्यांना जे सांगितले तेच आज थोड्या विस्ताराने सांगतो.

ट्रकच्या मागल्या आसावर, म्हणजे अॅक्सलवर, दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची एकेक जुडी असते. सर्वांत लांब पाट्याची टोके चासीला जोडलेली असतात. त्याखालचे पाटे क्रमाक्रमाने आखूड होत जातात. मधून सेंटर बोल्ट गेलेला असतो आणि सबंध जुडी यू-बोल्टांनी आसाला आवळलेली असते. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली. ज्या १९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाली, त्याच साली टाटांचा डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने बनलेला पहिला ट्रक जमशेदपूरला बाहेर पडला. त्यानंतर गाड्या पुष्कळ बदलल्या. पण जड वाहनाखालचा पाटा अजून गेलेला नाही. तो भार पेलतो आणि धक्के सोसतो हे सर्वांना ठाऊक असते. परंतु आसाला जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही तोच करतो, याचा मात्र विसर पडतो.

ठोकळा हा पाटे आणि आस यांच्या मध्ये बसविलेला धातूचा तुकडा. दहा सेंटिमीटरांचा ठोकळा घातला तर मागली बाजू तितकीच उचलली जाते. पाट्यांचा ताठपणा मात्र होता तसाच राहतो. रिकामी गाडी उंच दिसेल. माल चढला की ती पूर्वीइतकीच खाली बसेल. याउलट एकाच मापाचे आठ पाटे असतील आणि नववा घातला, तर ताठपणा सुमारे आठव्या हिश्शाने वाढतो. जाडीचा प्रभाव याहून मोठा, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. दहा मिलिमीटरांच्या जागी बारा मिलिमीटरांचा पाटा आला, तर तो जवळजवळ पाऊणपट अधिक ताठ होतो. अर्थात अशी गाडी रिकामी धावताना चालकाची हाडे खिळखिळी करते, हेही ध्यानात ठेवावे.

खरा धोका ब्रेक दाबताना उद्भवतो. चाक रस्त्याला धरून थांबू पाहते आणि आस आपल्याभोवती फिरू पाहतो. हा पीळ पाट्यांना सोसावा लागतो. पाटे जमिनीपासून साठ सेंटिमीटरांवर असतील आणि ठोकळ्याने ते सत्तरावर गेले, तर हा पीळ सहाव्या हिश्शाने वाढतो. पाटे नागमोडी वाकतात, यू-बोल्ट सैल पडतात आणि ठोकळा सरकू शकतो. म्हणून ठोकळ्यावर ठोकळा रचणे किंवा लाकडाचा तुकडा घालणे हा शुद्ध अविचार होय. पुढल्या आसाला तर ठोकळा लावूच नये. आणखी एक बाब मिस्त्री सहसा सांगत नाहीत. अनेक गाड्यांत मागला भाग किती दबला आहे हे पाहून मागच्या ब्रेकचा जोर ठरविणारी एक झडप असते. ठोकळ्याने अंतर वाढले आणि ती झडप पुन्हा जुळविली नाही, तर भरलेली गाडीही तिला रिकामी भासते आणि मागचा ब्रेक ऐन वेळी दुबळा पडतो.

तरीही ठोकळा सर्वस्वी त्याज्य नाही. काही छोट्या मालगाड्यांत तो कारखान्यातूनच बसवून येतो. पाटे धडधाकट असले आणि थोडीच उंची हवी असली, तर योग्य मापाचा एकच ठोकळा, नवे लांब यू-बोल्ट आणि प्रॉपेलर शाफ्टच्या कोनाची तपासणी एवढ्याने भागते. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही, हे आधी पाहून घ्यावे. पाटे वाढवून अधिक माल भरण्याचा मोहही व्यर्थ आहे. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. पाट्यांच्या संख्येने ती तसूभरही वाढत नाही.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजा." डावी बाजू तीन सेंटिमीटरांनी खाली निघाली. चिखल खरवडला, तेव्हा तिसरा पाटा सेंटर बोल्टाच्या छिद्रापाशी तुटलेला आढळला. ठोकळे तसेच दुकानात राहिले. दोन्ही बाजूंच्या जुड्या नव्या घातल्या आणि चार दिवस गाडी चालविल्यावर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घेतले.