इंजिनियरिंगचे पहिले वर्ष

मैत्रिणींनो, बारावीचे पेढे वाटून होतात न होतात तोच मुलगी इंजिनियरिंगला जाते, आणि दिवाळीपर्यंत तिचा चेहरा उतरतो. आमच्या कासा गावातून कॉलेज गाठायचे म्हणजे आधी डहाणू रोडपर्यंत एसटी, मग गाडी. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत आली, सोय झाली खरी. पण दमून परतलेली मुलगी रात्री वही काय उघडणार? जमत असेल तर पहिले वर्ष तरी तिला वसतिगृहात ठेवा. लोक बोलतात, बोलू द्या.

शाखा कोणतीही घ्या, पहिल्या वर्षी गणित, मेकॅनिक्स, ड्रॉईंग, वर्कशॉप हे बहुधा सगळ्यांनाच असते. कॉम्प्युटरवाली मुलगी कानशीने लोखंड घासते आणि विचारते, "आई, हे मला कशाला गं?" ड्रॉईंग तर पुष्कळांना रडवते, कारण वस्तू मनातल्या मनात कापून पाहायची असते. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्यांपुढे मी सरळ गाजर आणि विळी ठेवते. आडवे कापले की गोल, तिरके कापले की लंबगोल. चटकन कळते!

मराठी शाळेतून आलेल्यांना सुरुवातीला इंग्रजी तास डोक्यावरून जातात. अशा मुलीला नव्या शब्दांची वेगळी वही करू द्या.

आणि एखादा विषय राहिलाच तर? मुले त्याला ‘केटी’ म्हणतात. ठरलेल्या मर्यादेत विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसता येते, परीक्षा पुन्हा देता येते. तेव्हा वर्ष बुडाले म्हणून रडारड नको. फॉर्म भरायची तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा.