जोतिबाच्या पायथ्याचा गूळ व शोधयंत्रांची निवड

जोतिबाच्या डोंगराभोवती, पन्हाळा व करवीर तालुक्यांत, ऊस पिकवून स्वतःचे गुऱ्हाळ चालविणाऱ्या बागाईतदारांस आता गुळाची परभारे विक्री करण्याकरिता संकेतस्थळ काढणे कठीण राहिलेले नाही. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असल्यामुळे दूरच्या गिऱ्हाइकास नाव ठाऊक असते. प्रश्न उरतो तो त्याने आपल्या दारापर्यंत यावे कसे, हा. वाट दाखविण्याचे ते काम शोधयंत्रे, म्हणजे ज्यांस लोक सर्च इंजिन म्हणतात ती, करितात. अशी यंत्रे अनेक आहेत. त्यांपैकी कोणाकडे आधी लक्ष पुरवावे, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

कित्येक दलाल ‘शेकडो शोधयंत्रांत नोंद करून देतो’ असे सांगून पैसे मागतात. आमचे स्पष्ट मत असे की, हा पैसा चुलवाणात घालण्यासारखा आहे. भारतातील शोधांपैकी शेकडा नव्वदांहून पुष्कळ अधिक एकट्या गूगलवर होतात. कारण उघड आहे. आपल्याकडील बहुतेक मोबाईल अँड्रॉइड जातीचे असून त्यांत गूगल आधीच बसविलेले येते. आयफोनमध्येही मूळ योजना त्याचीच असते. डोंगर चढणारा यात्रेकरू असो की पुण्यातील गृहिणी असो, हाती जे यंत्र आहे त्यालाच विचारणार. म्हणून रुपयातले पंधरा आणे श्रम गूगलवर खर्चावेत.

उरलेला आणा मायक्रोसॉफ्टच्या बिंगला द्यावा. विंडोज संगणकाच्या मूळ योजनेत तेच असते. अमेरिकेतील मराठी मंडळींस गूळ पाठवावयाचा असेल तर त्याची उपेक्षा करू नये. शिवाय याहू व डकडकगो यांस आपले बहुतेक निकाल बिंगकडूनच मिळतात, तेव्हा एका नोंदीत तिघांचे काम होते. गूगलच्या सर्च कन्सोलमधील नोंद बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये तशीच उचलून घेता येते, आणि दोन्ही नोंदी विनामूल्य आहेत. चीनचे बायडू व रशियाचे यांडेक्स ही तिकडे गिऱ्हाईक नसेल तर सोडून द्यावीत.

खरी मेहनत पुढेच आहे. शोधयंत्र लिहिलेल्या शब्दांवरून चालते, आणि आमच्या देवाचे नाव कोणी जोतिबा लिहितो, कोणी ज्योतिबा. त्यात महात्मा फुले यांचेही तेच नाव रूढ असल्याने त्यांची माहितीही पुढे येऊ शकते. गावाचे नाव वाडी रत्नागिरी. त्यातील ‘वाडी’ गाळली की गिऱ्हाईक कोकणात उतरलेच म्हणून समजावे! ‘गूळ’ हा शब्द पुष्कळ जण ऱ्हस्व लिहितात, हिंदी भाषिक ‘गुड़’ शोधतो, परदेशचा माणूस ‘जॅगरी’. यास्तव पानावर ‘जोतिबा, वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर’ असा पुरा पत्ता द्यावा, व ही इतर रूपे वाक्यांच्या ओघात सहज आणावीत. एकच शब्द पन्नास वेळा घोकू नये. गूगल अशा पानास मागे टाकते. पहिल्या स्थानाची हमी देणाऱ्यावरही विसंबू नये. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि पैसे थांबले की ती जाते.

ज्यांचे दुकान घाटाच्या रस्त्यावर आहे, त्यांनी संकेतस्थळाच्याही आधी गूगलच्या नकाशावर आपली जागा नोंदवावी; यासही मूल्य पडत नाही. उघडण्याच्या वेळा व दूरध्वनी मात्र खरे असावेत.

नवे पान सूचीत येण्यास कधी थोडे दिवस, कधी काही आठवडे लागतात, आणि वर सरकण्यास त्याहून अधिक. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस उपयोग व्हावा अशी इच्छा असेल तर पौषातच, गुऱ्हाळे चालू असताना, काहिलीची व रव्यांची स्वतः घेतलेली छायाचित्रे, भाव आणि पाठवणीचा खर्च यांसह पान तयार करून ठेवावे.