डिस्क कुठवर पोचते?

मिरचीचा हंगाम सुरू झाला की संकेश्वरात दुरुस्तीला आलेल्या संगणकांच्या पोटातून लाल धूळ निघते. अडत दुकानातलं यंत्र उघडलं की आधी शिंका, मग बिघाड. असंच एक लिनक्सवर चालणारं यंत्र आलं. हिशेबाच्या प्रती ठेवलेली दुसरी डिस्क सकाळपासून गायब.

"हार्डडिस्क उडाली म्हणायची काय ओ?" मालकांनी विचारलं.

"थांबा की मामा, बघू तरी."

उडाली म्हणण्याआधी ती कुठवर पोचते ते पाहायचं. बायोसमध्येच नाव नसेल तर लिनक्सला बोल लावण्यात अर्थ नाही. वीज, केबल, पोर्ट, नाहीतर डिस्कच. नाव असेल तर टर्मिनलवर एलएसबीएलके ही आज्ञा, म्हणजे डिस्कांची यादी. तिथं 'एसडीबी' आहे पण खाली 'एसडीबी१' नाही, म्हणजे पार्टिशनचा तक्ता तपासायचा. 'एसडीबी१'ही आहे आणि फोल्डर तेवढं रिकामं, तर फक्त माउंट व्हायचं, म्हणजे त्या फोल्डरला जोडलं जायचं राहिलंय. पुष्कळदा डिस्क नव्यानं फॉरमॅट केलेली असते आणि काय कुठं जोडायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत जुनाच यूयूआयडी, म्हणजे जुना ओळखक्रमांक पडून असतो. टॅलीसाठी विंडोज ठेवलेल्या यंत्रात आणखी एक भानगड: 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज पुरतं बंद होत नाही, मग लिनक्स ते पार्टिशन उघडायला नकार देतं किंवा नुसतं वाचू देतं.

ही डिस्क मात्र मधेच दिसायची, मधेच जायची. डीमेसेज ही कर्नलची रोजनिशी. माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर. तिच्यात स्पष्ट होतं: सहा गिगाबिटचा वेग कर्नलनं तीनवर आणला, मग दीडवर. समोरच्याचं बोलणं तुटक ऐकू येतंय म्हणून त्यानं सावकाश विचारून पाहिलं होतं.

मग डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल. ५ आणि १९७ या क्रमांकांच्या ओळींत शून्य, म्हणजे खराब झालेल्या सेक्टरांची नोंद नाही. १९९ क्रमांकाच्या ओळीतला आकडा मात्र फुगलेला. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेत बिघडलेल्या माहितीची ती मोजणी. संशय पहिला केबलवर.

अशा वेळी पडद्यावर फॉरमॅटचं बटण दिसतं आणि लोक ते दाबतात. फाइलसिस्टिम दुरुस्त करणारं एफएससीके चालवायचीही घाई नको, कारण दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं आलंच. १९७चा आकडा वाढत असता तर मी आधी डीडीरेस्क्यूनं प्रत काढली असती. ते चांगला भाग उचलून घेतं आणि बिघडलेल्या जागांकडे नंतर वळतं.

साटा केबल बदलली, पोर्टही बदललं. डिस्क आली, फाइली उघडल्या, पहिली प्रत तिथंच वेगळ्या डिस्कवर घेतली. १९९चा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून मालकांच्या हाती दिला: यापुढं वाढला तरच या.

जुनी केबल कात्रीनं कापली. नाहीतर ती टेबलावर राहते आणि घाईत दुसऱ्याच्या यंत्रात जाते.