शिकार, पण डिओशिवाय!

शहापूरच्या घरी आजोबा शिकारीचे किस्से जाम रंगवून सांगायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदुका थंडावल्या. मी निघतो तो कॅमेरा घेऊन. वाघासाठी नाही हं, चौसिंग्यासाठी!

भंडाऱ्याजवळचं कोका अभयारण्य वीकेंडला बेस्ट. चौसिंगा कळपात नसतो. एकटा, फार तर जोडीनं, आणि पाणी सोडून लांब जात नाही. म्हणून पहाटेच पाणवठा गाठा. चार शिंगं फक्त नराला, त्यातही पुढची दोन कधीकधी नुसती बोंडं. ८ बाय ४२ची दुर्बीण आणि ४०० मिमीची लेन्स मस्ट. जिप्सीत ट्रायपॉड कशाला? तांदळाची पिशवी टेकवा, लेन्स हलत नाही. कपडे मातकट.

आणि डिओ? अजिबात नको! मागच्या उन्हाळ्यात ऑफिसच्या सवयीनं मी फसफसून मारला होता. ‘बंदुकीविना एक पाहायचाय,’ म्हणून पंच्याऐंशीचे आजोबा सोबत होते. वारा नेमका आमच्याकडून त्याच्याकडे. नरानं मान उचलली आणि आजोबांनी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तो झुडपात गडप.

आजोबा गप्प. परतताना माझ्या शर्टाचा वास घेत म्हणाले, ‘‘बाबू, आमी तं बिडीबी इझवत होतो रे.’’

पुढच्या महिन्याचं बुकिंग केलंय. दोन सीट.