उर्राक, फेणी, दुकशिरी... नावं वेगळी, पण फरक काय? जाणून घ्या

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा भागात गोव्याच्या उर्राक-फेणीची चर्चा हमखास होते. अनेकांना दोन्ही एकच वाटतात. पण तसं नाही.

सुरुवात मात्र एकच. बी काढून घेतल्यावर उरलेले पिकलेले बोंडू तुडवून रस काढतात. तो दोन-तीन दिवस आपोआप आंबतो आणि मग भट्टीवर चढतो.

उर्राक : पहिल्यांदा भट्टी लावून निघते ती उर्राक. मद्यार्क साधारण १५ टक्के. चव हलकी, फळाची. फार दिवस टिकत नाही, म्हणून मार्च ते मे एवढाच तिचा हंगाम.

काजू फेणी : उर्राकमध्ये आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टी लावली की फेणी तयार होते. मद्यार्क ४० टक्क्यांच्या वर, म्हणजे उर्राकच्या जवळपास तिप्पट कडक. उर्राकच्या अंदाजाने फेणी ओतली, तर ती अंगाशी येते.

माडाची फेणी : हिच्यात काजू नसतोच. माडाच्या सुरेपासून ती बनते. दक्षिण गोव्यात जास्त.

दुकशिरी : फेणीत अनंतमुळाची मुळं घालून मुरवलेली. जिनला जशी जुनिपरच्या फळांमुळे चव येते, तशी हिला मुळांमुळे.

सिंधुदुर्गात फेणी का नाही?

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्यामुळे 'फेणी' हे नाव गोव्याबाहेरच्या मालाला लावता येत नाही. झाड तेच, माती जवळपास तीच; पण सीमेच्या अलीकडे बी विकली जाते आणि बराचसा बोंडू झाडाखालीच कुजतो. विनापरवाना भट्टी लावणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. बोंडूचं सरबत करायला मात्र दारूचा परवाना लागत नाही.

हे लक्षात ठेवा

गोव्यातून परवान्याशिवाय दारू महाराष्ट्रात आणणं बेकायदा आहे. नाक्यावर पकडल्यास गुन्हा दाखल होतो, गाडीही जप्त होऊ शकते. लेबल नसलेल्या बाटलीत नेमकं काय आहे, हे वासावरून किंवा रंगावरून कळत नाही. स्वस्त मिळते म्हणून अशी बाटली घेणं जिवावर बेतू शकतं.