दुधनीतला दिवा : 60 वॉटपासून 9 वॉटपर्यंत

तारेचे शेवटचे टोक

दुधनी हे सिल्वासापासून खानवेलमार्गे सुमारे 40 किलोमीटरवर, मधुबन जलाशयाच्या काठी वसलेले गाव. पर्यटक येथे नौकाविहारासाठी येतात. घरे मात्र टेकड्यांच्या उतारांवर, पाड्यापाड्यांत विखुरलेली आहेत. समोर दमणगंगेचे अडवलेले पाणी पसरलेले असले, तरी घरातली वीज मुख्यतः त्या पाण्यातून येत नाही. दादरा व नगर हवेलीचा पुरवठा ग्रिडमार्गे केंद्रीय प्रकल्पांतून होतो. त्यांत कोरबा व विंध्याचलची कोळशावर चालणारी केंद्रे आहेत, तशीच तारापूर व काक्रापारची अणुकेंद्रेही. 1 एप्रिल 2022 पासून वितरणाचे काम टोरेंट समूहाच्या ताब्यातील कंपनीकडे आहे. प्रदेशातील विजेचा फार मोठा वाटा कारखाने वापरतात आणि त्यापुढे घरगुती वापर किरकोळ ठरतो. त्यामुळे येथील घरांनी बल्ब बदलल्यास देशाची किती वीज वाचेल, या प्रश्नाचे उत्तर फारसे भव्य येणार नाही. लांबच लांब वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरात दिवा बदलल्याने काय काय बदलते, हे पाहणे अधिक बोधक आहे.

वॉट आणि ल्युमेन

वॉट हे वीज खाण्याचे माप आहे, तर ल्युमेन हे दिव्याने दिलेल्या एकूण प्रकाशाचे. तारेचा पिवळा बल्ब होता तोवर दोन्ही मापे एकच असल्यासारखी वापरली गेली, कारण 60 वॉटचा कोणताही बल्ब सुमारे 700 ल्युमेनच देई. आता 9 वॉटचा चांगला एलईडी बल्ब 800 ते 900 ल्युमेन देतो. खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात. ग्राहकाची नजर सवयीने वॉटवर जाते आणि दुकानदारही वॉटच सांगतो. दोन बल्बांची तुलना करायची तर ल्युमेनला वॉटने भागून येणारा आकडा पाहावा लागतो. पिवळ्या बल्बसाठी तो 12 च्या आसपास असतो, सीएफएलसाठी 50 ते 60, तर सध्याच्या एलईडीसाठी 90 ते 110 किंवा त्याहूनही अधिक.

प्रकाश निर्माण होण्याच्या तीन रीती

पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून लाल-पांढरी होते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता असते, म्हणजे तो दिव्यापेक्षा शेगडी अधिक आहे. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते, तीतून अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतील लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. एलईडीत अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरतात आणि सुटलेली ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर येते. लाल एलईडी 1962 मध्येच तयार झाला होता. पांढऱ्या प्रकाशासाठी लागणारा तेजस्वी निळा एलईडी मात्र 1990 च्या दशकात साधला. त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शूजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरगुती बल्बच्या पांढऱ्या टोपीखाली निळा प्रकाश देणाऱ्या बारीक चिप असतात. त्यांच्यावरचा पिवळसर लेप काही निळा प्रकाश शोषून पिवळा करतो आणि दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरा भासतो.

दाब कमी झाला की

वाहिनी लांब असेल आणि संध्याकाळी सर्व घरांचा भार एकाच वेळी पडत असेल, तर शेवटच्या घरापर्यंत पोचताना विजेचा दाब घटतो. पिवळा बल्ब याबाबत अतिशय नाजूक असतो. दाब 10 टक्क्यांनी उतरला, तर त्याचा प्रकाश 30 टक्क्यांच्या आसपास घटतो. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर निम्माही प्रकाश उरत नाही. जुन्या चोकची ट्यूबलाइट अशा वेळी नुसती लुकलुकत राहते आणि पेटत नाही. एलईडी बल्बच्या मानेत बसवलेले ड्रायव्हर नावाचे छोटे मंडल चिपकडे जाणारा प्रवाह जवळजवळ स्थिर ठेवते. त्यामुळे चांगला एलईडी 180 व्होल्टलाही पूर्ण तेजाने उजळतो. वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरासाठी बिलातल्या बचतीपेक्षा हा लाभ मोठा मानायला हवा.

याचा दुसरा धागा शेजाऱ्यांपर्यंत जातो. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे प्रवाह निम्मा झाला तर नुकसान चौथ्या हिश्श्यावर येते. एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच रोहित्रावरच्या, बहुतेक घरांनी दिवे बदलले, तर संध्याकाळचा भार उतरतो, तारेतला दाबही कमी घटतो आणि ज्या घरात अजून पिवळाच बल्ब आहे, त्याचाही उजेड थोडा सुधारतो.

एका दिव्याचा हिशेब

60 वॉटचा बल्ब रोज 5 तास लागला, तर महिन्याला 9 युनिट वीज लागते. 9 वॉटच्या एलईडीला 1.35 युनिट पुरतात. वर्षाकाठी वाचतात सुमारे 90 युनिट. ही वीज कोळशावर तयार झाली असती, तर सुमारे 60 किलो कोळसा जळला असता. रात्रभर जळणाऱ्या ‘झिरो’च्या बल्बकडे या हिशेबात नेहमी दुर्लक्ष होते. नावात शून्य असले, तरी जुना झिरो बल्ब 15 वॉटपर्यंत वीज घेतो. 10 तासांची रात्र धरली, तर महिन्याला साडेचार युनिट, म्हणजे मुख्य एलईडी दिव्याच्या तिपटीहून अधिक. अर्ध्या वॉटचा एलईडी रात्रदिवा तेच काम महिन्याला 0.15 युनिटमध्ये करतो.

बचत पैशात किती उतरते, हे दरपत्रकावर ठरते. या प्रदेशाच्या दरपत्रकात अल्प उत्पन्न गटातील दोन दिव्यांपुरत्या जोडणीला ठोक मासिक आकार अशी श्रेणी राहिली आहे. तेथे वाचलेले युनिट बिलात दिसतच नाही. बचत होते ती वितरण कंपनीची आणि घराच्या वाट्याला केवळ चांगला उजेड येतो. बल्बचा खर्च कोणी करावा, या वादात हा मुद्दा क्वचितच येतो. तो यायला हवा.

किंमत कशी उतरली

2009 मध्ये केंद्र सरकारने ‘बचत लॅम्प योजना’ आणली. पिवळ्या बल्बच्या किमतीत, म्हणजे सुमारे 15 रुपयांत, सीएफएल द्यायचा आणि उरलेला खर्च आंतरराष्ट्रीय कार्बन पतांच्या विक्रीतून काढायचा, अशी तिची रचना होती. पुढे त्या पतांचे बाजारभाव कोसळले आणि योजनेचा पायाच खचला. 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या, नंतर ‘उजाला’ नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने वेगळा मार्ग घेतला. ईईएसएल या सार्वजनिक कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकत्रित मागणी नोंदवून निविदा काढल्या. 2014 मध्ये एका बल्बची खरेदी-किंमत 310 रुपये होती, ती दोन-तीन वर्षांत 38 रुपयांपर्यंत आली. अनेक ठिकाणी ग्राहकाला बल्बची किंमत वीजबिलातून महिन्याला 10 रुपयांच्या हप्त्याने फेडता येत असे. देशभर 36 कोटींहून अधिक बल्ब या योजनेतून गेले. खुल्या बाजारातील किमतीही त्यामुळे खाली आल्या, हा योजनेचा अधिक टिकाऊ परिणाम.

भिंत, उंची आणि रंग

कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेल्या वारली-कोकणा घरात भिंती प्रकाश शोषून घेतात, तर चुन्याने रंगवलेली भिंत पडलेल्या प्रकाशाचा बराचसा भाग परत खोलीत टाकते. त्यामुळे एकाच बल्बचा उजेड दोन घरांत वेगळा भासतो. अंतराचा नियम त्याहून कडक आहे. दिवा 3 मीटरवरून दीड मीटरवर आणला, तर थेट त्याच्याखालचा उजेड साधारण चौपट होतो. उंच आढ्याला टांगलेल्या 12 वॉटच्या बल्बपेक्षा अभ्यासाच्या जागेवर खाली सोडलेला 5 वॉटचा बल्ब म्हणूनच अधिक कामाचा.

रंग केल्विनमध्ये मोजतात : 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. पावसाळ्यात जलाशयाकाठी ओटीवरच्या दिव्याभोवती किड्यांचे थवे जमतात. निळसर प्रकाशाकडे ते अधिक ओढले जातात, तेव्हा बाहेर पिवळसर एलईडी लावणे सोयीचे.

आयुष्य आणि बिघाड

खोक्यावरचे 25,000 तास हे प्रामुख्याने चिपचे आयुष्य असते, म्हणजे प्रकाश मूळच्या 70 टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. बल्ब बंद पडतो तो बहुधा त्याआधीच आणि ड्रायव्हरमुळे. त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. बंद काचेच्या डोममध्ये किंवा तापलेल्या पत्र्यालगत लावलेला बल्ब म्हणूनच लवकर जातो. विजा कडाडताना तारेतून येणारा दाबाचा लोटही घातक असतो. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद चमकत राहिला, तर तो बल्बचा दोष असेलच असे नाही. पुष्कळदा बटणावर फेजऐवजी न्यूट्रल जोडलेली असते आणि झिरपणाऱ्या अल्प प्रवाहावर बल्ब मिणमिणतो. ही जोडणी धोक्याचीही आहे, कारण बटण बंद असले तरी होल्डरमध्ये वीज राहते. भारतीय मानक ब्यूरोची आयएस 16102 ही नोंदणी आणि ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे खोक्यावर असणे, ही खरेदीच्या वेळची किमान खूण. आठवडी बाजारातील सुट्या, बिननावाच्या बल्बांवर ती सहसा सापडत नाही.

मर्यादा

घरात पंखा, फ्रिज, पंप आले की दिव्यांचा वाटा मागे पडतो. साधा छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे आठ एलईडी दिव्यांइतकी वीज, तीही दिवसरात्र. 30 वॉटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा लावल्यास बचत मोठी होते, पण त्याची किंमत बल्बसारखी उतरलेली नाही. शिवाय प्रकाश स्वस्त झाला की दिवे वाढतात : ओटीवर एक, गोठ्यात एक, अंगणात रात्रभर एक. बचतीचा काही भाग त्यात जातो. गोठ्यात दिवा नसलेल्या घरात मात्र अशा वाढीला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल.

निकामी दिवे

सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. तो फुटला, तर खिडक्या उघडून खोली काही वेळ रिकामी ठेवावी लागते आणि तुकडे झाडूऐवजी जाड कागदाने गोळा करून बंद डब्यात ठेवावे लागतात. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या 2022 च्या बैठकीत सीएफएलचे उत्पादन 2025 पर्यंत थांबवण्याचे ठरले. एलईडीत पारा नाही, पण सर्किट, शिसे असू शकणारे डाख आणि ॲल्युमिनियम असते, म्हणून तोही ई-कचराच. शहरात तो घेणारी केंद्रे सापडतात. गावात त्याचा प्रवास बहुधा भंगारवाल्यापाशी थांबतो आणि भंगारवाला ॲल्युमिनियम काढून बाकीचे टाकून देतो.